एका तंगडीचं आभारपत्र

शनिवार, २ मार्च १८९५

ही वही मला चॅपेलच्या रविवारच्या शाळेने दिली, आठ वर्षं मुलांकडून अक्षरं गिरवून घेतल्याबद्दल. पाद्रीसाहेबांनी पहिल्या पानावर 'नित्य मनन' असं लिहून दिलं आहे. दोन महिने झाले, मनन काही सुचलेलं नाही. आज लिहिण्यासारखं एक घडलं आहे, पण ते मननात बसत नाही.

जेबेझने आज ट्राय केला.

मला रग्बीचं काडीचं कौतुक नाही, हे आधीच नोंदवून ठेवते. माझा नवरा गिरणीच्या रंगखात्यात आहे, कोपरापर्यंत निळा असतो, आणि शनिवारी दुपारी चौदा दांडग्यांबरोबर चिखलात लोळायला जातो. सामना परगावी असला की गाडी गाठायला सकाळीच गिरणी सोडायची. म्हणजे खाडा, आणि खाडा म्हणजे मजुरी कापली. लग्नाला सहा वर्षं झाली, सहा वर्षं मी हेच ओरडते आहे. आजचा सामना इथेच थॉर्नबेकमध्ये होता. मी फक्त त्याचा मफलर द्यायला गेले होते.

शेवटपर्यंत बरोबरी होती. त्यांचा एक लाल केसांचा गडी सारखा चेंडूवर आडवा पडत होता. पंचाला ते दिसत नव्हतं, मला कुंपणावरून दिसत होतं. मग झुंबडीतून चेंडू सुटला. मिस्टर लॅसकोम्बनी तो उचलला, दोन जण अंगावर घेतले आणि जेबेझकडे फेकला. जेबेझ धावला, म्हणजे कपाट जिन्यावरून घसरत यावं तसा आला, पण रेषेपलीकडे पोचला आणि त्याने चेंडू टेकवला. यालाच ट्राय म्हणतात. तीन गुण. जिंकलो. मफलर माझ्याच हातात राहिला.

मिस्टर लॅसकोम्ब वकील आहेत, केंब्रिजला शिकलेले, आणि क्लबचे अध्यक्ष. संघात तेवढे एकच साहेब. सामन्याच्या छापील यादीत त्यांच्या नावाआधी 'मिस्टर' असतं. बाकीचे चौदा नुसते होलरॉइड, नुसते ग्रीनवुड.

संध्याकाळी इनॉक सग्डन खाटकाकडून मेंढीची अख्खी तंगडी आली. थॉर्नबेककडून जो ट्राय करील त्याला तंगडी, असा त्याचा रिवाज आहे. पुढच्या फळीत ढकलाढकली करणाऱ्यांना ट्राय कुठला मिळायला! आमच्या घरी आलेली ही पहिलीच. सासूबाई म्हणाल्या, "सहा वर्षं नुसते फाटके गुडघे घेऊन यायचा. आज पहिल्यांदा काहीतरी खाण्यासारखं आणलं."

सोमवार, ४ मार्च

काल तंगडी भाजली. आज गार खाल्ली. सग्डनचे आभार मानणं आपलं कर्तव्य आहे असं वाटून चांगल्या कागदावर पत्र लिहिलं. त्याची नक्कल इथे ठेवते, कारण अक्षर बरं आलं होतं.

'श्रीयुत सग्डन यांस. शनिवारी माझ्या पतीने केलेल्या ट्रायबद्दल आपण पाठवलेली मेंढीची तंगडी पावली. ती रविवारी भाजून व सोमवारी गार अशी घरच्या तिघांनी खाल्ली. आपली अत्यंत आभारी, झिला होलरॉइड.'

सासूबाई म्हणाल्या, "खाटकाला पत्र? उद्या कोळसेवाल्यालाही लिही."

शनिवार, ९ मार्च

सग्डनने माझं पत्र चौकटीत घालून दुकानाच्या काचेत लावलं आहे! एका बाजूला डुकराचं मुंडकं, दुसऱ्या बाजूला सॉसेजची माळ, आणि मधे मी. लोक थांबून वाचतात. मी आज चारदा त्या बाजूने गेले. त्या बाजूला कामही होतं.

गुरुवार, १४ मार्च

आज काचेपाशी मिस्टर लॅसकोम्ब उभे होते. त्यांनी हॅट काढली. माझ्यासाठी आजवर पाद्रीसाहेबांखेरीज कुणी हॅट काढलेली नाही.

"हे आपलंच अक्षर, होलरॉइड बाई? फारच सुंदर."

मी म्हटलं, "रविवारच्या शाळेचं वळण आहे, साहेब."

मग त्यांनी विचारलं, ही एकच तंगडी की आणखी? तारीख कोणती? सग्डन स्वतःहून पाठवतो की आधी कबूल करतो? मी सगळं नीट सांगितलं, की हा रिवाज सगळ्यांना ठाऊक आहे. ते म्हणाले, "मला हे विचारावं लागलं याचं वाईट वाटतं." किती मृदू माणूस! खिशातली वही काढून त्यांनी तारीखसुद्धा टिपून घेतली.

घरी सांगितलं तर सासूबाई विणता विणता थांबल्या. "मटण आपण खाल्लं. तारीख त्याला कशाला हवी?"

या बाईला कुणाचं चांगलं म्हणून बघवत नाही.

मंगळवार, २६ मार्च

सगळ्या क्लबांवर जे रग्बी मंडळ आहे, त्याच्या समितीकडून कागद आला. जेबेझ होलरॉइड याने खेळण्याबद्दल मोबदला घेतल्याचा पुरावा मिळाला आहे, सबब शनिवारी चौकशीला हजर राहावं. पुरावा म्हणून जे जोडलं आहे ते माझं पत्र आहे. सग्डनकडून चौकटीसकट मागून नेलं.

जेबेझने कागद माझ्याकडून दोनदा वाचून घेतला. मग म्हणाला, "अक्षर चांगलं आहे म्हणाले ना?"

मी चुलीकडे तोंड करून बसले. मला खेळाशी काही घेणं नाही, पण त्याचा खेळ माझ्या हाताने जाऊ नये एवढंच वाटतं.

शनिवार, ३० मार्च

सगळं क्रमाने लिहिते.

चौकशी शहरातल्या हॉटेलात होती. जेबेझने कालपासून हात घासले होते, सोड्याने, मग विटेच्या तुकड्याने. तरी निळे ते निळेच. मला बाहेर बाकावर बसवलं. तासाभरात माझ्यासमोरून चार झाकलेल्या थाळ्या आत गेल्या. वास ओळखीचा होता, पण मी त्यावर विचार केला नाही. माझं चित्त दाराकडे होतं.

मग मला अक्षराची ओळख पटवायला आत बोलावलं. लांब टेबल, सहा साहेब, गळ्याला रुमाल. त्यांतले एक मिस्टर लॅसकोम्ब, तेही समितीवर आहेत, पण ते खिडकीबाहेर बघत होते. जेबेझ भिंतीपाशी उभा, टोपी हातात.

मधले पांढऱ्या मिशांचे साहेब म्हणाले, "हे अक्षर तुमचं?"

"हो साहेब. 'अत्यंत'वर शाई फुटली आहे, ती निबाची चूक."

"म्हणजे ट्रायबद्दल तुमच्या नवऱ्याला मोबदला मिळाला, हे कबूल?"

"मोबदला नाही साहेब. तंगडी."

कोपऱ्यातला वेटर खोकला. साहेब म्हणाले, "बाई, हा खेळ सभ्य माणसांचा आहे. खेळावरच्या प्रेमासाठी खेळायचा. खेळून ज्याने काहीही घेतलं, एक पेनी असो की एक घास, तो धंदेवाईक झाला. समजलं?"

मी मान हलवली, आणि मान हलवतानाच मला टेबल दिसलं. मधोमध मोठी थाळी, आणि तिच्यात मेंढीची तंगडी, निम्मी कापलेली, वर पांढरा रस्सा. सग्डनच्या तंगडीपेक्षा चांगली दोन बोटं जाड. मिस्टर लॅसकोम्बच्या पुढ्यातही दोन काप होते. मला खरंच वाटलं, की सकाळी साहेब लोकांचाही सामना झाला असावा. म्हणून मी विचारलं,

"आणि हे मटण कुणाच्या ट्रायबद्दल?"

देवाशपथ, मी टोमणा मारायला विचारलं नाही.

वेटर पळत बाहेर गेला. पांढऱ्या मिशांचे साहेब लाल झाले आणि म्हणाले, समितीच्या भोजनाचा खर्च मंडळ करतं, तो खर्च असतो, मोबदला नव्हे. मग त्यांनी निकाल वाचला. जेबेझ होलरॉइडला जन्मभर बंदी. कोणत्याही क्लबकडून खेळायचं नाही, मैदानात पाऊल ठेवायचं नाही.

परत येताना गाडीत जेबेझ तोंड वळवून बसला होता आणि त्याचे खांदे हलत होते. मी त्याला कधी रडताना पाहिलं नव्हतं. मी दुसरीकडे बघत राहिले.

शनिवार, ६ एप्रिल

जेबेझने आज न्हाणीघराला चुना लावला. न्हाणीघराला गरज नव्हती.

शनिवार, १३ एप्रिल

चुन्याचा दुसरा हात.

गुरुवार, १८ एप्रिल

गावाला माझी चेष्टा करायला निमित्त मिळालं आहे. तो वेटर थॉर्नबेकचाच निघाला. काल दूधवाला रस्त्यापलीकडून ओरडला, "काय होलरॉइड बाई, कुणाच्या ट्रायबद्दल?" आज गिरणीत, माझ्या विणकामाच्या खात्यात तर कहरच झाला. मागांच्या खडखडाटात आम्ही बायका ओठ वाचूनच बोलतो. एका टोकाच्या बाईने दुसऱ्या टोकाच्या बाईला ओठांनी म्हटलं, "कुणाच्या ट्रायबद्दल?" आणि चाळीस जणी माझ्याकडे बघून हसल्या. एकीने तर टाळी वाजवली. मी धागा जोडायचं निमित्त करून खाली वाकले. आता मी घरी मागच्या गल्लीने येते.

शनिवार, २७ एप्रिल

हंगामाचा शेवटचा सामना. जेबेझ दुपारपासून दिसेना. शेवटी मागच्या टेकडीवर सापडला. तिथून मैदान दिसतं. मैदानात पाऊल ठेवायचं नाही, नजर ठेवायची नाही असं कुणी म्हटलेलं नाही.

"चल खाली, चहा गार होतोय," मी म्हटलं.

"हो," तो म्हणाला, पण हलला नाही.

तिथून डावा कोपरा नीट दिसत नाही. थोडं दगडावर चढलं तर दिसतो. आमचे गडी उजवीकडून फार ढिले पडतात, आणि जेबेझच्या जागी घेतलेला ग्रीनवुडचा भाचा ढकलताना डोळे मिटतो. हरलो. आम्ही अंधार पडायला लागल्यावर उतरलो.

उतरताना मी म्हटलं, "आता खाडा नाही. शनिवारची मजुरी पुरी मिळते. मला हेच पाहिजे होतं."

तो म्हणाला, "झिला, खेळायचे पैसे मला नकोत. मी जन्मभर फुकट खेळेन. पण खेळायला गेलो म्हणून जे कापतात, तेवढं भरून द्यावं. लॅसकोम्बसाहेब मंगळवारीसुद्धा खेळू शकतात, मागे त्यांचा कारकून काम करतो. माझी रंगाची कढई कोण ढवळणार? त्यांनी पहिल्या वर्गाने प्रवास केला तर तो खर्च. मी माझा बुडालेला दिवस मागितला तर ती मजुरी."

इतकं लांब तो लग्नाची मागणी घालतानाही बोलला नव्हता. मला रडू आलं. त्याला वाटलं दगड टोचला.

रविवार, २१ जुलै

सगळ्या गिरणीगावांत एकच बोलणं चाललं आहे, की खाडा भरून द्यावा, नाहीतर आपण आपलं वेगळं मंडळ काढावं. मंडळ चालवणारे दक्षिणेकडचे साहेब ऐकायला तयार नाहीत. सग्डन घरी आला होता. माझ्यामुळे जेबेझचा खेळ गेला, असं मी म्हटलं, तर तो म्हणाला, "बाई, काचेत लावलं मी. तोंड मी कुठे लपवू?" मग जाता जाता दारात वळून म्हणाला, "पण काय विचारलंत हो तुम्ही!" आणि हसतच गेला. अजून हसतातच.

मंगळवार, २७ ऑगस्ट

उशीर झाला आहे, तरी लिहिते.

वेगळ्या मंडळात जायचं की नाही हे ठरवायला आज क्लबच्या सभासदांची सभा शाळेच्या सभागृहात झाली. गेले तर जेबेझची बंदी उठणार, राहिले तर ती जन्माची. बायका सभासद नसतात. मी आणि सासूबाई बाहेर उघड्या खिडकीखाली उभ्या राहिलो. सासूबाई बादली उपडी घालून तिच्यावर चढल्या.

मिस्टर लॅसकोम्ब बोलायला उठले. फार चांगलं बोलतात. म्हणाले, या क्लबसाठी मी नाक दोनदा मोडून घेतलं आहे. पैसा आला की खेळातलं प्रेम जातं. ज्याला खेळणं परवडत नाही त्याने खेळू नये, यात त्याचा अपमान नाही. "मी स्वतः," ते म्हणाले, "या खेळातून आजवर एक पेनी, एक घास घेतलेला नाही."

आत लोक माना डोलावत होते. जेबेझ मागच्या रांगेत बसला होता, हात मांडीखाली दडपून.

आणि माझ्या डोक्यावरून, बादलीवरून, सासूबाईंनी खिडकीत मुंडकं घातलं आणि ओरडल्या,

"आणि ते मटण कुणाच्या ट्रायबद्दल होतं?"

कुणीतरी बाकावर मूठ आपटली. मग दुसऱ्याने. मग तीनशे माणसं पायांनी ताल धरून एकच ओरडायला लागली, "कुणाच्या ट्रायबद्दल? कुणाच्या ट्रायबद्दल?" खिडकीच्या काचा थडथडत होत्या. ओरडताना ते हसत होते, पण माझ्याकडे बघून नाही, व्यासपीठाकडे बघून. आणि मग मला समजलं. दूधवाला, मागावरच्या बायका, सगळे पाच महिने माझ्यावर हसत नव्हते. ते माझ्या बाजूने हसत होते, आणि मी मागच्या गल्लीने फिरत होते!

मिस्टर लॅसकोम्बनी कागद घडी करून खिशात ठेवला, सभेला मान लववली आणि ते खाली बसले. मला त्यांची दया आली, हेही लिहून ठेवते. त्यांना ते मटण खरंच आठवत नसावं.

हात वर झाले. विरोधात अकरा. बाकी सगळं सभागृह वेगळ्या मंडळाच्या बाजूने.

जेबेझ बाहेर आला तेव्हा डोळे पुसत होता. मी म्हटलं, "गाडीत रडलास तसा पुन्हा रडू नकोस."

"गाडीत?" तो म्हणाला. "अगं वेडे, गाडीत मी हसत होतो! त्या पांढऱ्या मिशांचं तोंड आठवून. तू एवढी गंभीर बसली होतीस की सांगायची हिंमत झाली नाही."

शुक्रवार, ३० ऑगस्ट

काल हडर्सफील्डच्या हॉटेलात क्लबांची बैठक होऊन नवं मंडळ उभं राहिलं. खेळण्याबद्दल काही नाही, पण खाड्याबद्दल दिवसाला सहा शिलिंगपर्यंत, उघडपणे. आमचा क्लब आत आहे. जेबेझचं नाव आमच्या यादीत आहे.

टपालाने एक पुडकं आलं. आत चौकटीसकट माझं पत्र. सोबत मिस्टर लॅसकोम्बची चिठ्ठी: 'हे आपलं आहे. मी जुन्या मंडळाच्या बाजूलाच राहणार आहे, पण अक्षराबद्दल बोललो ते खरं होतं.' सासूबाई म्हणाल्या, "काच तरी पुसून पाठवायची." मग स्वतःच पुसली, आणि चौकट सग्डनच्या काचेत परत नेऊन ठेवली.

शनिवार, ७ सप्टेंबर

पहिलाच सामना परगावी. सकाळी नऊ वाजता जेबेझने मुकादमासमोर कढईवरचं झाकण लावलं आणि म्हणाला, "खाडा मांडा." जन्मात पहिल्यांदा त्याने तो शब्द मान वर करून उच्चारला. मुकादम म्हणाला, "मांडला. आता जा, आणि ढकला लेकांनो."

पुढचं लिहायला लाज वाटते. मी माझे माग शेजारणीला सोपवून त्याच गाडीने गेले. माझा खाडा कुणी भरून देणार नाही, आणि मी विचारलंही नाही.

नव्या यादीत 'मिस्टर' कुणालाच नाही. पंधराच्या पंधरा नुसती नावं. होलरॉइड पहिल्या ओळीत.

उन्हाळाभर चुना लावूनही जेबेझ ढिला झालेला नव्हता. पहिल्या झुंबडीत त्याने समोरचे तिघे मागे नेले. उत्तरार्धात आम्ही दोन गुणांनी मागे होतो आणि घड्याळाकडे बघवत नव्हतं. त्यांच्या रेषेपाशी झुंबड पडली. सगळे पाय, चिखल, वाफ. चेंडू कुठे आहे ते कुणालाच दिसेना. मग त्या ढिगाऱ्यातून एक निळा हात बाहेर आला. फक्त हात. हातात चेंडू. दोन जण त्या हाताला लोंबकळत होते, आणि तो हात रेषेपलीकडे गेला आणि चेंडू गवतावर टेकला.

थॉर्नबेकची सगळी गाडीभर माणसं ओरडली, "कुणाच्या ट्रायबद्दल?" आणि एक बाई कुंपणावर चढून, हॅट हरवून, चॅपेलमध्ये कधी न निघालेल्या आवाजात ओरडली, "माझ्या नवऱ्याच्या!"

ती मी होते. आवाज अजून बसलेला आहे.

स्टेशनवर सग्डन तंगडी खांद्यावर घेऊनच उभा होता. नव्या मंडळाला हे चालेल का, असं मी विचारलं. क्लबचे नवे सचिव म्हणाले, "नियमात तंगडीचं नाव नाही, आणि मी काही कुणाला पत्र लिहून विचारणार नाही." मग माझ्याकडे बघून त्यांनी जीभ चावली. सगळे हसले. मीही.

घरी येऊन हरवलेल्या हॅटची आठवणही न काढता कागद घेतला. सासूबाईंनी निब पुसून दिला. शाई कुठेही फुटली नाही. उद्या चॅपेलला जाताना मी स्वतःच्या हाताने हे जुन्या पत्राशेजारी काचेत लावणार आहे, पुढच्या रस्त्याने जाऊन.

'श्रीयुत सग्डन यांस. आज माझ्या पतीने केलेल्या ट्रायबद्दल पाठवलेली मेंढीची तंगडी पावली. कुणी विचारलं तर खुशाल दाखवावं. तारीख वर घातली आहे. झिला होलरॉइड.'